हृदयगती मोजणारे यंत्र निवडताना

व्यायामासाठी हृदयगती मोजणारे यंत्र घ्यायचे ठरले की बहुतेक जण पडद्याचा आकार, बॅटरीचे दिवस आणि ॲपमधले आलेख यांची तुलना करू लागतात. मी मात्र सर्वांत आधी एवढेच विचारेन की यंत्र शरीराच्या कोणत्या भागावर बसणार आहे आणि आपल्या व्यायामात तो भाग किती हलतो. आकडा विश्वासार्ह येईल की नाही, हे बव्हंशी तिथेच ठरते.

छातीचा पट्टा हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासोबत निर्माण होणारा विद्युत संकेत थेट टिपतो. मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते, रक्ताचा प्रवाह कमी-जास्त होताना परत येणाऱ्या प्रकाशात पडणारा फरक मोजते आणि त्यावरून ठोक्यांचा अंदाज बांधते. स्वस्थ बसलेले असताना किंवा संथ चालताना हा अंदाज सहसा चांगला जमतो. धावताना मात्र हाताच्या लयबद्ध हेलकाव्यांनीही तसाच फरक पडतो आणि घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलेच मोजू लागते. सहज गप्पा मारता येतील इतक्या आरामात धावत असतानाही पडद्यावर १७० चा आकडा ठाण मांडून बसला असेल, तर मिनिटाला आपली पावले किती पडतात ते मोजून पाहावे. तीही १७० च्या आसपास निघाली, तर चूक कुठे आहे हे उघड आहे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि थोडे घट्ट बांधल्याने ही अडचण कमी होते, पण पूर्णपणे जात नाही.

वजने उचलताना मूठ आवळली जाते व मनगट वाकते, थंडीत त्वचेकडे रक्त कमी येते, आणि गोंदण असेल तर प्रकाशालाच अडथळा होतो. अर्धा-अर्धा मिनिट वेगाने धावून मध्ये थांबण्याचा व्यायाम करणाऱ्यांसाठी तर मनगटावरचा आकडा अनेकदा इतका उशिरा चढतो की तोवर वेगाचा टप्पा संपलेलाही असतो. अशा व्यायामासाठी मी निःसंकोचपणे छातीचा पट्टाच सुचवेन. पट्टा ज्यांना काचतो, त्यांच्यासाठी दंडावर बांधायचा प्रकाशीय सेन्सर हा उत्तम मधला मार्ग आहे, कारण दंड मनगटाइतका वाकत नाही आणि तिथे सेन्सर त्वचेला नीट चिकटून राहतो. पोहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आवर्जून तपासावी: ब्लूटूथ आणि अँट प्लस (सेन्सरचे आकडे घड्याळाकडे पाठवणारी ब्लूटूथसारखीच बिनतारी पद्धत) यांच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाण्यातून जेमतेम काही सेंटिमीटर जातात, त्यामुळे सेन्सरला स्वतःची मेमरी असणे आवश्यक आहे.

यंत्राइतकेच महत्त्व त्यात भरलेल्या कमाल हृदयगतीला आहे, कारण हलका, मध्यम, जोरदार असे व्यायामाच्या तीव्रतेचे टप्पे यंत्र सहसा त्यावरूनच ठरवते. २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वत्र वापरले जाते. २००१ मध्ये मांडलेले दुसरे सूत्र वयाची ०.७ पट २०८ मधून वजा करते. साठाव्या वर्षी पहिल्याने १६० येतात, दुसऱ्याने १६६. ही दोन्ही सूत्रे सरासरी सांगतात आणि एखाद्या व्यक्तीची खरी कमाल गती त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असू शकते. म्हणून कमाल गती व तीव्रतेचे टप्पे स्वतः भरण्याची सोय ज्यात नाही, असे यंत्र मी घेणार नाही. बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांची हृदयगती मुळातच दबलेली राहते. त्यांनी हे टप्पे डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत.

छातीचा पट्टा घेतलाच, तर त्याचे इलेक्ट्रोड (त्वचेला टेकून विद्युत संकेत टिपणारे भाग) बांधण्यापूर्वी पाण्याने ओले करावेत, कारण कोरड्या त्वचेवर पहिल्या काही मिनिटांचे आकडे भरकटतात. व्यायामानंतर पट्टा धुऊन वाळवावा आणि सेन्सर त्यापासून वेगळा करून ठेवावा. ओलसर पट्ट्याला तो जोडलेलाच राहिला, तर चालूच राहतो आणि बॅटरी वेळेआधी संपते.