निवडून आलात ताई, आता डोंगल स्वतःकडे ठेवा

ग्रामपंचायतीचे निकाल लागले की माझा फोन सुरू होतो. सोलापूर जिल्ह्यात ग्रामसेविका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले, त्यामुळे पहिल्यांदाच सरपंच झालेल्या बायका माझा नंबर शोधून काढतात. प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, गुलाल तर पडला. आता पहिलं काम कोणतं हाती घेऊ?"

पाण्याची टाकी किंवा स्मशानभूमीचा रस्ता, असं काहीतरी मी सांगेन असं त्यांना वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पहिलं काम म्हणजे तुमच्या नावाचं डोंगल ताब्यात घ्या.

पेनड्राइव्हसारखं दिसतं ते. त्यात तुमची डिजिटल सही असते. वित्त आयोगाच्या निधीतून बिल काढायचं तर ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर ग्रामसेवक (2024 पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) 'मेकर' असतो, म्हणजे बिल तयार करणारा, आणि सरपंच 'चेकर', म्हणजे ते मंजूर करणारा. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ठेकेदाराच्या खात्यात रुपया जात नाही. म्हणजे पैशाच्या कुलपाची अर्धी किल्ली तुमच्याकडे दिलेली आहे. आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते.

एका गावात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. डोंगलला रबरबँडने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर पिन लिहिलेला. सरपंचबाई कांद्याच्या काढणीला शेतात आणि इकडे त्यांच्या सहीने पेव्हर ब्लॉकचं बिल निघालेलं. पुढच्या ग्रामसभेत एका म्हाताऱ्याने उठून विचारलं, "बाई, ब्लॉक कुठं बसवले तेवढं दाखवा." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवरा खाली बघत राहिला. चौकशी लागली तेव्हा नोटिशीवर नाव एकट्या सरपंचबाईंचं होतं. ती बाई प्रामाणिक होती, हे मी आजही कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. पण कागदावर तिची सही होती आणि चौकशी कागदावरच चालते.

म्हणून पिन बदलून घ्या, पाठ करा आणि घरातही कुणाला सांगू नका. बिल मंजूर करायच्या आधी काम जाऊन बघा. ग्रामनिधीचे, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या पैशाचे, व्यवहार चेकने होत असतील तर कोऱ्या चेकवर सही करायची नाही, मागणारा सख्खा दीर असला तरी.

मग रोकडवही मागा, तो नमुना 5. सोबत बँकेचं पासबुक घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून नोंदी जुळवा. नमुना 9 मध्ये घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी असते. थकबाकी कुणाची आहे ते वाचलंत की गावातला निम्मा रुबाब कळतो. प्रचारात सभामंडपाचा शब्द दिला असेल तर हेही बघून घ्या की पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. त्यातून मंडप होत नाही. लोकांना हे पहिल्याच ग्रामसभेत स्पष्ट सांगून टाका, राग तेव्हाच येऊन जातो.

प्रोसिडिंगचं, म्हणजे सभेचे ठराव लिहितात त्या वहीचं, तर मी प्रत्येकीला बजावते. ठराव लिहून झाला की खाली जी मोकळी जागा राहते, तिथे नंतर ओळी वाढतात. सही करण्याआधी त्या जागेवर तिरकी रेघ मारा आणि ठराव मोठ्याने वाचून घ्या.

कागदपत्रांच्या तारखाही सांभाळा. निवडणूक खर्चाचा हिशोब निकालापासून 30 दिवसांत तहसीलला गेला पाहिजे. राखीव जागेवरून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्रासाठी 12 महिने आहेत. मासिक सभा चुकवू नका. चांगली कामं करणारे सरपंच या असल्या बारीक गोष्टींवरून अपात्र झालेत.

नवऱ्याबद्दल विचारायला बायका कचरतात, म्हणून मीच बोलते. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, महाराष्ट्राने 2011 मध्ये महिलांचं आरक्षण 50 टक्क्यांवर नेलं. एवढं होऊनही कार्यालयात गेलं की सरपंचांच्या खुर्चीत मिस्टर बसलेले आणि बाई दाराशी उभ्या, हे दृश्य मी नोकरीभर पाहिलं आणि दर वेळी माझा जीव तुटला. मासिक सभेत बसायचा सरपंचपतीला कसलाही अधिकार नाही. घरी सल्ला जरूर घ्या. पण पहिल्याच सभेला त्यांना बाहेर बसायला तुम्हीच सांगा, ग्रामसेवकाच्या तोंडून नको. महिला सभा मात्र ग्रामसभेच्या आधी खरोखर भरवा, नुसत्या सह्या गोळा करू नका. दारूच्या दुकानापासून अंगणवाडीतल्या खिचडीपर्यंत जे ग्रामसभेत कुणी बोलत नाही, ते तिथे निघतं.

पिन कसा बदलायचा ते सांगायला ऑपरेटर टाळाटाळ करत असेल तर पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जाचा मजकूर मी फोनवर सांगते, लिहून घ्या.