चैयाची घंटा आणि थिबाचा राजवाडा

रत्नागिरी, पितृपक्ष

गणपती गेले, चाकरमानी परतले. भाची मुंबईला पोचली, पण रोज रात्री तिचा फोन असतो. तिला एकटीने थायलंडला जायचंय, पाठीवर सॅक घेऊन, आणि त्यातले दहा दिवस मौनात बसायचं. गौरी जेवल्या त्या दुपारी माजघरात तिने हे सांगितलं आणि सगळ्या बायका एकदमच बोलायला लागल्या. काकू म्हणाली, "एवढं लांब कशाला गो? पावसला जा, स्वामींच्या समाधीपाशी बस दिवसभर. कोण उठवणार नाय तुला." ताई काहीच बोलली नाही. म्हणजे तिला मुळीच पसंत नाही.

काकूचं चुकीचं नाही. स्वामी स्वरूपानंद आयुष्याचा केवढा मोठा काळ रत्नागिरीजवळच्या पावस गावात एका घरात राहिले, १९७४ साली तिथेच समाधिस्थ झाले. साधनेला पासपोर्ट लागत नाही हे त्यांच्याकडे बघून कळतं. मीही जाते पावसला. पण तिथे मी अमक्यांची मुलगी आणि तमक्यांची सून असते. खिचडीच्या प्रसादाला बसले की शेजारची बाई आईच्या गुडघ्यांची चौकशी करते, कलमांना मोहर कसा होता विचारते. ही माया आहे आणि मला ती हवीच असते. मात्र तिच्यासोबत मौन होत नाही, निदान माझं तरी झालं नाही.

म्हणून मी चैयाला गेले होते. बँकॉकहून दक्षिणेकडे रात्रभर रेल्वे, सुरत थानी प्रांतातलं छोटं गाव. बुद्धदास भिक्खूंनी १९३२ साली तिथे सुआन मोक्ख हा विहार सुरू केला. परदेशी लोकांसाठी वेगळी जागा आहे, दर महिन्याच्या एक तारखेला शिबिर सुरू व्हायचं. मी गेले तेव्हा आगाऊ नोंदणी नव्हती. आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव घालायचं, जेवणाखाणाचे थोडे पैसे भरायचे, फोन जमा करायचा.

खोलीत सिमेंटचा ओटा, त्यावर चटई, मच्छरदाणी आणि लाकडाची उशी. ही उशी म्हणजे मध्ये खोलगट कोरलेला ठोकळा. कुशीवर वळलं की कानाची पाळी लाकडावर दाबली जायची आणि जाग यायची, मग पुन्हा उताणं. पहाटे चारला घंटा. दोन वेळा जेवण, दुसरं दुपारी, त्यानंतर संध्याकाळी फक्त गरम पेय. प्रत्येकाच्या वाट्याला एक काम, मला आवाराची झाडलोट मिळाली होती. खराटा हातात आला तेव्हा बरं वाटलं. बसून पाठ धरली की मी झाडायची वाट बघायचे.

शिकवतात ते आनापानसती, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. ऐकायला सोपं. माझ्या डोक्यात मात्र कलमांच्या वाटणीवरून भावाशी झालेलं भांडण सुरू असायचं. मी त्याला काय म्हणायला हवं होतं ते एक वाक्य, तेच वाक्य, सकाळपासून रात्रीपर्यंत. घरी मी ते आईला ऐकवलं असतं, आईने मान डोलावली असती आणि वाक्याला बळ आलं असतं. तिथे ऐकणारं कोणी नव्हतं. बाजूला बसलेल्या मुलीला माझं नावही माहीत नव्हतं. हळूहळू त्या वाक्यातला जोर उतरला. ते गेलं नाही, अजूनही कधी कधी येतं. पण त्याच्या खाली भावाचा राग नव्हता, बाबा गेल्याचं दुःख होतं, हे मला त्या ओट्यावर उताणं पडून कळलं. घरात राहून कळलं नसतं असं मला अगदी ठामपणे वाटतं.

आवारात गरम पाण्याचा झरा आहे. आपल्याकडे राजापूरला, तुरळला आहे तसाच. संध्याकाळी बायकांच्या बाजूला सारोंग गुंडाळून पाण्यात उतरले, गंधकाचा तो ओळखीचा वास आला आणि मी पोटभर रडले. आजूबाजूच्या बायकांनी पाहिलं आणि बघितलं न बघितल्यासारखं केलं. मौनाचा असाही उपकार असतो.

भाची विचारते, "मावशी, शिबिर संपल्यावर काय?" हे कोणी विचारत नाही, तिने विचारलं म्हणून मला तिचं कौतुक वाटलं. शिबिराला निदान घंटा असते. त्यानंतरचे एकटीचे दिवस अवघड. एका किनाऱ्यावरच्या गावात जेट्टीवर बसले होते, समोर लांबट नाकाच्या होड्या, जाळी वाळत घातलेली, मासळीचा वास आमच्या मिरकरवाडा बंदरासारखा. पोटात इतकं तुटलं की उठून परतीचं तिकीट काढावंसं वाटलं. श्वासाकडे बघत बसून राहिले. शिकलेलं खरं की खोटं ते तिथे तपासलं गेलं. एकटं जायचं ते ह्याच्यासाठी. मैत्रीण सोबत असती तर आम्ही दोघी चहा प्यायला गेलो असतो.

आज दुपारी पाऊस उघडला तेव्हा थिबा पॉइंटला जाऊन आले. भाट्याची खाडी गढूळ, पूल, पलीकडे समुद्र. येताना राजवाड्यावरून आले. शाळेच्या सहलीला आम्हाला इथे रांगेने आणायचे आणि ब्रह्मदेशाचा राजा एवढंच सांगायचे. १८८५ साली इंग्रजांनी थिबाला राजधानी मंडालेच्या गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. ब्रह्मदेशात राजा हा भिक्षुसंघाचा आश्रयदाता होता. तो गेल्यावर धर्म कोण सांभाळणार, ही काळजी तिथे घरोघर पसरली. त्या काळात लेडी सयाडो (हे एका ब्रह्मी भिक्खूंचं नाव) यांच्यासारख्यांनी शास्त्र आणि ध्यान विहाराबाहेर, साध्या संसारी माणसांपर्यंत नेलं. त्याच परंपरेत पुढे सयाजी ऊ बा खिन झाले, सरकारी नोकरीतले गृहस्थ, आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका, जन्म मंडालेचा, १९२४. गोयंकांनी १९६९ साली मुंबईत विपश्यनेचं पहिलं शिबिर घेतलं, १९७६ साली इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. बुद्धदासांची परंपरा निराळी, थायलंडची. पण संसारी बाईने दहा दिवस मौनात बसावं, ही गोष्ट आज जगभर इतकी साधी झाली, त्यामागे मंडालेची रिकामी गादीही आहे. आणि त्या गादीचा मालक आमच्या खाडीकडे बघत तीस वर्षं बसला होता. हे समजल्यापासून वाड्यासमोरून जाताना मी थांबतेच. काकूलाही सांगणार आहे. लांब गेलेली माणसं, सुटलेली घरं, ह्यांच्यातूनच ही विद्या आपल्यापर्यंत आलीय.

भाचीला काय सांगायचं ते ठरवलंय. जिथे वेळापत्रक कडक आणि राहणी साधी, तिथे जा. बालीत उबुदला योग, ध्यान, मालिश, तलाव असं सगळं एकत्र मिळतं, दमलेल्या जीवाला ते छानच, पण त्याला साधना समजून पैसे भरू नकोस. थायलंडच्या देवळांत खांदे-गुडघे झाकलेले असू देत. भिक्खूंना बाईने स्पर्श करायचा नसतो, काही द्यायचं तर ते पुढे कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. पहिल्या रात्रीची राहायची सोय इथूनच करून जा, आणि रोजचा मुक्काम कुठे ते ताईला कळवत जा, फोन जमा असेल त्या दिवसांचं आधीच सांगून ठेव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गेलं वर्ष तिला फार जड गेलंय, गोळ्या चालू होत्या. शिबिरांच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधं विचारतात. तो रकाना खरा भरायचा आणि आधी डॉक्टरांशी बोलायचं. दहा दिवसांच्या मौनात जे वर येतं ते सगळ्यांनाच झेपतं असं नाही, आणि तिथे धरायला आपलं माणूस नसतं. डॉक्टर थांब म्हणाले तर थांबायचं, चैया कुठे पळून जात नाही. हे मी तिला स्पष्ट सांगणार, तिला राग आला तरी.

मला स्वतःला शिकोकूची ओढ लागलीय. जपानचं ते बेट, कोबो दाइशी ह्या बौद्ध संतांच्या अठ्ठ्याऐंशी देवळांची पायी प्रदक्षिणा, बाराशे किलोमीटरच्या आसपास. यात्रेकरूच्या हातातली काठी म्हणजे दाइशीच, असं मानतात. मुक्कामाला पोचलं की आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुवायचं. पंढरीची वाट चालणाऱ्या आजोबांना हे फार आवडलं असतं. कधी जमेल माहीत नाही, गुडघे आईवर गेलेत.

उद्या सकाळी ताईला फोन करायचा. भाचीच्या आधी मीच बोलते. ती गप्प बसेल, तेव्हा आपणही घाईने बोलायचं नाही.