कुंपणातलं हरीण आणि माझी तिसरी नोंद

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "हरणं मारायची परीक्षा असते?" तिचं काय चुकलं? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर भेकर मारणं म्हणजे थेट गुन्हा. आणि मी, दापोलीला वनशास्त्र शिकलेली मुलगी, इंग्लंडात पदरचे पैसे भरून तेच शिकत होते.

कामासाठी 'डियर स्टॉकिंग सर्टिफिकेट' लागत होतं, म्हणजे हरणांच्या शिकारीचं दोन पातळ्यांचं प्रमाणपत्र. केंब्रिजशायरमधल्या एका रानात मी नोकरी करते. हेझलची झाडं बुंध्यापासून तोडायची आणि नवे धुमारे येऊ द्यायचे, ही इथली शेकडो वर्षांची रीत. धुमारे वीतभर झाले की मुंटजॅक येऊन खुडून टाकतो. हा आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. बेडफर्डशायरच्या वोबर्न इथल्या उद्यानातून गेल्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर पडला आणि दक्षिण इंग्लंडभर पसरला. रात्री भुंकतो तेव्हा मला दापोलीच्या खोलीची खिडकी आठवते. पण इथे त्याच्या मागावर बिबट्या नाही. लांडगे तर कधीच संपले. ते काम माणसालाच करावं लागतं.

पहिली पातळी मला फारशी जड गेली नाही. लेखी परीक्षा, इथल्या सहा जातींची हरणं चित्रावरून ओळखणं, मांसाची स्वच्छता, बंदुकीची सुरक्षितता आणि नेमबाजी. १०० मीटरवरून तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात बसवायच्या, मग हरणाच्या चित्रावर १००, ७० आणि ४० मीटरवरून. चाळीसवाली उभ्याने मारायची असते. सगळ्यांना तीच सोपी वाटते आणि तिथेच हात थरथरतो.

दुसऱ्या पातळीला वर्ग नाही, प्रश्नपत्रिका नाही. मान्यताप्राप्त साक्षीदाराला बरोबर घेऊन खरीखुरी शिकार करायची. माझ्या वेळी अशा तीन नोंदी लागत होत्या. हरीण कसं शोधलं, वारा कुठून होता, जवळ कसे गेलात, मागे गोळी अडवायला माती होती का, गोळी लागल्यावर ते कसं हललं, पोट कसं उघडलं, लसिकाग्रंथी कुठल्या कुठल्या तपासल्या, हे सगळं त्यात येतं.

पहिली नोंद मुंटजॅकच्या मादीची. तिचं पोट स्पष्ट दिसत होतं. गाभण मादी का मारायची, हा प्रश्न मीही विचारला होता. मुंटजॅक बारमाही वितो, म्हणून त्याला बंद हंगाम, म्हणजे शिकारीला मनाई असलेला काळ, नाहीच. सडपातळ दिसणाऱ्या मादीचं दूधपितं पिल्लू झुडपात लपलेलं असू शकतं. ते उपाशी मरू नये म्हणून उलट पोटुशी दिसणारी निवडायची. पटलं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसरी नोंद मे महिन्यात, रो जातीच्या नराची.

तिसरी काही होईना. उन्हाळा गेला, पानं गळली, सहा पहाटा रिकाम्या गेल्या. कधी वारा फिरला, कधी हरीण टेकाडाच्या माथ्यावर उभं, म्हणजे मागे नुसतं आभाळ. गोळी झाडायचीच नाही. तेवढ्यात साक्षीदाराने सुचवलं, "ओळखीच्या एका डियर पार्कमध्ये, कुंपण घालून हरणं ठेवलेल्या उद्यानात, नोव्हेंबरात फॅलो जातीच्या हरणांच्या माद्या कमी करायच्या आहेत. येतेस?"

गेले. उंच कुंपण, मोठाले ओक, चाऱ्याची गाडी. त्याच गाडीतून आम्ही गेलो. कळपाने मान वर केली आणि परत खाली घातली. साठ मीटर. काठ्यांवर रायफल टेकवली, रखवालदाराने दाखवलेली मादी कळपापासून सुटी होईपर्यंत थांबले आणि गोळी झाडली. जागेवर पडली. गाडीतून उतरल्यापासून मोजून अकरा मिनिटं.

पोट उघडल्यावर मात्र यकृतावर पांढरट, जाडसर पित्तनलिका दिसल्या. कापल्या तर आत चपटे कृमी. आधीच्या दोन्ही हरणांत सगळं निरोगी निघालं होतं. काय शोधायचं ते पुस्तकात पाहिलेलं, हाताला कधी लागलेलं नव्हतं. पाऊण तास आम्ही त्या धडापाशी बसलो. मी एकेक ग्रंथी चिरून दाखवत होते, साक्षीदार खोदून खोदून विचारत होता.

मग त्याने कागद काढला. गोळी, तपासणी, स्वच्छता, सगळ्यावर सही केली. 'हरणापर्यंत पोहोचणे' या भागाशी येऊन पेन थांबलं.

"इथे काय लिहू?"

मी वाद घातला. दमले होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, स्कॉटलंडात रोपांभोवती मैलोन्मैल कुंपण असतं, आत अडकलेलं लाल हरीण काय माणसाळलेलं असतं? त्याने मान डोलावली. कुंपणाचं एवढं नाही, म्हणाला. तुझा वास आल्यावर ते काय करतं ते बघ. कायदाही नुसतं कुंपण पाहत नाही. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात बंद हंगामाची सूट आहे ती मांसासाठी, व्यवसाय म्हणून पाळलेल्या हरणांना, आणि तिथे कुंपणाबरोबर अंगावर ठळक खूणही लागते. पार्कातलं हरीण मधल्यामध्ये. लंडनच्या रिचमंड पार्कात सहाशेच्या वर आहेत, सायकलवाल्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचले असं मी कुठल्या तोंडाने सांगणार?

सही झाली नाही. परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी धड बोलले नाही. तीन जिवांचा हिशोब मागणारी परीक्षा, आणि त्यातला एक जीव मोजायचाच नाही, हे तेव्हा फार लागलं. अजूनही मला वाटतं, गोळी आणि तपासणी यांची नोंद वेगळी ठेवायला हवी. पार्कात ते उत्तम शिकता येतं, बहुधा रानापेक्षा जास्त. पण पाठलागाच्या नावाखाली ते खपवायचं नाही, एवढं आता मान्य आहे.

तिसरी नोंद फेब्रुवारीत मिळाली, तीही फॅलोची मादी. शेताच्या बांधाआडून, गोठलेल्या चिखलात कोपरांवर सरपटत, सव्वादोन तास. शेवटच्या तीस मीटरना चाळीस मिनिटं लागली. कळपातली एक म्हातारी मादी सारखी माझ्याच दिशेने बघत होती. 'हरणापर्यंत पोहोचणे'चा रकाना पुरला नाही, वेगळा कागद जोडला. यकृत स्वच्छ निघालं, त्याबद्दल लिहायला एकच ओळ.

पार्काच्या रखवालदाराचा यंदाही नोव्हेंबरात फोन आला. गेले होते. नोंदवही नेली नव्हती, फक्त सुरी आणि हातमोजे.