एकट्याने लांब निघताय? आधी स्टेपनी बघा

पुण्याहून ताम्हिणी उतरून कोकणातून आंबोली, मग कोल्हापूरमार्गे परत. एकट्याने हा फेरा करायचा तर सर्व्हिसिंग आठवडाभर आधी उरका. काही ढिलं राहिलं असेल तर ते शहरातच कळतं.

सगळ्यात जास्त वेळ टायरना द्या. हवा गाडी थंड असतानाच भरा. तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो आणि हवा कमी भरली जाते. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा, पण ओल्या घाटात ३ च्या खाली जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. स्टेपनीची हवा हमखास विसरतात.

निघण्याआधी घरासमोर एकदा चाक बदलून बघाच. दुकानात चाकाचे नट हवेच्या गनने इतके आवळतात की गाडीतल्या आखूड पान्याला दाद देत नाहीत. लांब दांड्याचा पाना घ्या. नट आधी ढिले करायचे, मगच जॅक चढवायचा, नाहीतर चाक नुसतं फिरतं. जॅकखाली फूटभर लांबीची जाड फळी हवी. ओल्या लाल मातीत जॅक रुततो आणि गाडी कलते.

घाट उतरताना दुसरा गिअर. ब्रेक सतत दाबून धरला की तापून पकड जाते.

जंगलात चालायचं तर दिवसाला ४ लिटर पाणी, आंबोलीत पावसाळ्यात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, ऑफलाइन नकाशा. घरच्यांना वाट सांगाच, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं, हेही.