आमची वाटचाल : वावळीची वखार

वडिलांनी जुन्नर भागात सॉ मिल टाकली तेव्हा वखारीत साग, बाभूळ आणि आंबा एवढंच चालायचं. वावळ यायची ती जळणाच्या ढिगात. तिला तिच्या नावानं विकायला सुरुवात मी केली, हे ठासून लिहितो, कारण आता श्रेय घ्यायला बरेच जण पुढे झालेत.

पहिलं गिऱ्हाईक आमचे मिस्त्री, बैलगाड्यांत हयात गेलेली. वावळीच्या ओंडक्यात त्यांनी पाचर ठोकली, दोनदा, तीनदा. फुटेना. ‘‘रेषा एकमेकींत गुंतल्यात हिच्या, ही फाटायची नाही,’’ म्हणाले आणि ओंडकाच घेऊन गेले. विलायतेत हिच्याच कुळातल्या एल्मचे चाकाचे तुंबे, म्हणजे आरे बसतात तो मधला गड्डा, का करत, ते मला त्या दिवशी उमगलं. ह्याच गुंत्याचा त्रास मात्र रंध्याला. जाड काढायला गेलात तर तंतू उपटून येतात. पातं धारेचं हवं आणि ढलपी कांद्याच्या सालीएवढी पातळ निघायला हवी.

मग एका शाळेची साठ बाकांची ऑर्डर आली आणि मी माती खाल्ली. तोड भर जुलैतली, चिरेपर्यंत आठवडे गेले. वावळीत गर्भाचं पक्कं लाकूड असं वेगळं नसतंच, सगळं फिकट पिवळसर, किडीला आयतं जेवण. टोकांवर निळे डाग धरले होते, ते मी रंधून टाकले. तारीख जवळ आलेली, औषधही मारलं नाही. पुढच्या मार्चात शिपायाचा फोन : ‘‘शेठ, रोज झाडतो तरी सकाळी बाकाखाली पीठ सांडलेलं असतं.’’ जाऊन बघितलं. पायाशी मैद्यासारखी पिठी, फळीत टाचणीएवढी भोकं. नख लावलं तर कड ढासळली.

साठच्या साठ बाकं परत आणली. बँकेचे हप्ते थकले. बँडसॉला नवं पातं घ्यायची ऐपत नव्हती, जुन्याचेच दात घासून दोन महिने ओढले.

अशात शेजारच्या गावचा एक वखारवाला (नाव घेत नाही, वाचून त्याला कळेलच) माझा माल सडका म्हणून गावभर सांगत हिंडत होता. स्वतः तो वावळीलाच पॉलिश मारून सागवान म्हणून खपवायचा! एका संध्याकाळी मोटरसायकलवर आला. ‘‘मशीन राहू द्या तुम्हाला, परवाना द्या.’’ सुप्रीम कोर्टाच्या 30 ऑक्टोबर 2002 च्या आदेशापासून केंद्रीय समितीच्या मंजुरीशिवाय नवी सॉ मिल काढता येत नव्हती, आणि आमचा परवाना वडिलांच्या काळातला. चहा मी पाजला, तो निवांत प्यायला. असल्यांकडून फसायचं नसेल तर फर्निचर घेताना खालची, पॉलिश न लागलेली बाजू बघत जा. सागावर अंगठा घासला तर तेलकट लागतो, कातड्यासारखा वास येतो. वावळ कोरडी ठणठणीत.

त्याच आठवड्यात मिस्त्री आले, पंचवीस हजार टेबलावर ठेवले. ‘‘माल थंडीत दे. घाई नाही.’’ त्या पैशांतून बोरॅक्स-बोरिकची, म्हणजे किडीवरच्या औषधाची, टाकी बांधली. तेव्हापासून तोड हिवाळ्यात, चिराई आठवड्याच्या आत, फळ्या टाकीत बुडवायच्या, टोकांना रंग लावायचा, मध्ये पाऊण इंची पट्ट्या देऊन सावलीत थप्पी. इंची फळी सहा महिने हलवत नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडो. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मिस्त्री आता नाहीत. यंदा उन्हाळा लागताना त्यांच्या नातवानं फोटो पाठवला : राखाडी, खपल्या सुटलेली साल, खाली कागदी पंखांच्या बियांचा सडा. ‘‘काका, शेतातलं आहे, वाऱ्यानं पडलं. वावळच ना?’’

‘‘पान चुरगाळून हुंग.’’

‘‘ई, घाण वास येतोय.’’

‘‘मग आजच ट्रॅक्टर लाव.’’