तुम्ही विचारलंत म्हणून: फिजिक्सवाली मेंदूच्या लॅबमध्ये कशी?

सुट्टीत नागपूरला आले की हा प्रश्न ठरलेला. धरमपेठेतल्या शेजारच्या काकू विचारतात, "मेंदूवर काम करून राहिली म्हणे, मग डॉक्टर का नाही झाली?" कॉलेजमधली मुलं जरा वेगळं विचारतात: "ताई, बारावीनंतर बायोलॉजी सोडली. आम्हाला कोणी घेईल का?"

घेतात. मला घेतलं. पण आधी कित्येक महिने कोणी घेतलं नव्हतं, ते सांगते.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी बऱ्याच प्राध्यापकांना ईमेल केले. मजकूर एकच, मेंदूबद्दल मला किती कुतूहल आहे याचा. एका उत्तरात दोनच ओळी होत्या: हॉजकिन आणि हक्स्लींचं मॉडेल स्वतः लिहून बघ आणि काय झालं ते कळव.

या दोघांनी १९५२ साली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर काम करून विजेचा झटका, म्हणजे स्पाइक, कसा उठतो हे चार समीकरणांत मांडलं. पेशीच्या पडद्यातली सोडियमची दारं, म्हणजे चॅनल, झटकन उघडतात, आतला व्होल्टेज वर चढतो. पोटॅशियमची दारं सावकाश उघडतात आणि त्याला खाली ओढतात. केंब्रिजचा संगणक तेव्हा सहा महिने बंद होता, म्हणून हक्स्लींनी हाताने फिरवायच्या यंत्रावर ही आकडेमोड केली. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं.

माझ्याकडे लॅपटॉप होता, पायथॉन येत होतं. एका संध्याकाळचं काम, असं वाटलं. दोन आठवडे पडद्यावर सपाट रेषा होती. मे महिना, कूलरसमोर बसून मी एकेक ओळ तपासत होते. शेवटी लक्षात आलं की मूळ पेपरमध्ये चिन्हं आजच्या उलट आहेत: आज आपण वर जाताना दाखवतो तो व्होल्टेज तिथे ऋण आहे. मी सूत्रं पेपरमधून घेतली होती आणि व्होल्टेज पुस्तकातल्या पद्धतीने धरला होता. ते सुधारलं, तर एका ठराविक व्होल्टेजला अंश आणि छेद दोन्ही शून्य होऊन प्रोग्राम अडकला. तिथे लिमिट काढून हाती किंमत भरली. मग स्पाइक उठला. त्या रात्री घरात सगळे झोपले होते. मी आईला उठवून दाखवला.

हॉजकिन-हक्स्लींचे आकडे ६.३ अंश सेल्सिअसचे आहेत. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास तापलं होतं, त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआपच सुचला. दर दहा अंशांना दारांचा वेग तिप्पट होतो असं मॉडेल धरतं. मी तापमान वाढवत नेलं, तसतसा स्पाइक अरुंद आणि खुजा होत गेला आणि शेवटी उठेनासा झाला. दारं वेगवान होतात, पण पेशीच्या पडद्याला भारित व्हायला लागणारा वेळ कमी होत नाही. व्होल्टेज चढायच्या आतच पोटॅशियम त्याला गाठतं. (आपलं शरीर ३७ अंशांना चालतं, कारण आपल्या पेशींतल्या दारांची घडण वेगळी.) हे आलेख, आणि कुठे कुठे अडकले त्याची यादी, मी त्या प्राध्यापकांना पाठवली. ट्रेनी म्हणून बोलावणं आलं ते त्या यादीमुळे, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

बायोलॉजी लागतेच. ती मी लॅबमध्ये शिकले, पुस्तकापेक्षा जास्त रिगजवळ, म्हणजे पेशीतली वीज मोजायच्या उपकरणांजवळ, उभी राहून. एक सिनियर मायक्रोस्कोपखाली, टोकाला सुमारे एक मायक्रॉन रुंद असलेली काचेची नळी एकाच पेशीला चिकटवायची. मेंदूचा काप काही तासच जिवंत राहतो. एका दुपारी चार पेशी तिच्या हातून निसटल्या, पाचवी टिकली, आणि तिच्यातून निघालेली वीसेक मिनिटांची नोंद माझ्याकडे आली. तोवर माझ्यासाठी डेटा म्हणजे एक फाइल होती. त्या दिवसापासून मॉडेलशी न जुळणारा एकही बिंदू "गोंगाट" म्हणून खोडताना माझा हात थांबतो. आधी तिला जाऊन विचारते, तेव्हा काय झालं होतं? गणितवाल्यांनी प्रयोगवाल्यांशेजारी बसावं, असं मला फार मनापासून वाटतं.

पैशांचं थोडक्यात: ट्रेनीला मानधन असतंच असं नाही. रुजू होण्याआधी स्पष्ट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि बाहेरगावी राहण्याचा खर्च घरी आधीच बोलून घ्या.

गेल्या आठवड्यात बीएस्सीच्या एका मुलीने हाच प्रश्न विचारला. मी तिला तीच चार समीकरणं दिली. काल रात्री तिने आलेख पाठवला, रेषा अगदी सपाट आहे. आज संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन घरी येतेय.