चिप टोचली दहा मिनिटांत, नोंद झाली सात आठवड्यांनी

मांजराला चिप टोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या चिपचा क्रमांक माझ्या फोन नंबरशी जोडला जायला मात्र सात आठवडे गेले. तेवढ्या काळात मांजर हरवलं असतं, तर चिप असून नसल्यासारखीच होती. डॉक्टर, सुई, खर्च हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही.

चिप म्हणजे जीपीएस नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. साधारण 12 मिमी लांब आणि 2 मिमी जाड अशी ती काचेची नळी असते. तिच्यात बॅटरी नसते. 134.2 किलोहर्ट्झचा स्कॅनर जवळ आला की त्याच्याच ऊर्जेवर ती 15 अंकी क्रमांक सांगते आणि गप्प बसते. नाव, पत्ता, फोन यातलं काहीही तिच्यात नसतं. मोबाइलचं एनएफसी 13.56 मेगाहर्ट्झवर चालतं, त्यामुळे ज्याला मांजर सापडेल त्याने फोन टेकवून काही उपयोग नाही, त्याला स्कॅनर असलेला दवाखाना किंवा प्राणीसंस्था गाठावी लागते. आणि स्कॅनरवर उमटलेला क्रमांक कुठल्याच यादीत नसेल, तर तोही नुसता आकडा.

आमचं गाडं नेमकं इथे अडलं. दवाखान्याने बारकोडचं स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवलं आणि ‘नोंदणी आम्ही करतो’ असं सांगितलं. पंधरा दिवसांनी चिपच्या कंपनीच्या साइटवर क्रमांक टाकून पाहिला, तर ‘नोंद सापडली नाही’. दवाखाना म्हणे, यादी कंपनीला पाठवली. कंपनी म्हणे, या क्रमांकाचं काही आलेलंच नाही. ही टोलवाटोलवी जवळपास महिनाभर चालली. खरं म्हणजे दोघंही खरं बोलत होते, आणि त्याचाच जास्त राग आला.

शेवटी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर ती यादी उघडून दाखवा म्हटलं. एक्सेलची शीट होती आणि चिपच्या रकान्यात ओळीने 9.00E+14, 9.00E+14, 9.00E+14. रकान्याला वेगळी सूचना दिलेली नसेल तर 11 पेक्षा जास्त अंकांची संख्या एक्सेल अशी आखडून दाखवतं. मूळ फाइलमध्ये 15 अंक शाबूत असतात, पण तीच शीट सीएसव्ही (नुसत्या मजकुराची साधी फाइल) करून सेव्ह केली की पडद्यावर दिसतं तेवढंच फाइलमध्ये उतरतं. कंपनीकडे गेली होती ती सीएसव्ही, म्हणजे त्या यादीतल्या सगळ्या जनावरांचा क्रमांक एकच. उपाय दोन मिनिटांचा होता: मूळ फाइल उघडायची, रकाना निवडून त्याचा प्रकार शून्य दशांशांचा ‘नंबर’ करायचा, पंधराच्या पंधरा अंक दिसतात का ते पाहायचं आणि मग पुन्हा सीएसव्ही काढायची. ती फाइल एक्सेलमध्येच उघडून तपासायला जाऊ नका, पुन्हा तोच घोळ होतो, नोटपॅडमध्ये उघडा.

क्रमांक चढला, तर फोनच्या जागी दवाखान्याचा लँडलाइन! रात्री नऊनंतर उचलायला कोण बसलंय? दुरुस्तीसाठी कंपनीला दवाखान्याच्या नोंदलेल्या ईमेलवरून पत्र हवं होतं, माझं चालेना. त्यासोबत पुस्तकातल्या स्टिकरचं पान, चिपचं बिल आणि मांजराशेजारी धरलेल्या स्कॅनरच्या पडद्याचा फोटो जोडला. तिसरी गोष्ट त्यांनी मागितली नव्हती, पण काम तिनेच झालं असं मला वाटतं. हा फोटो चिप टोचतानाच काढून ठेवा.

हा नुसता माझा त्रागा नाही. अमेरिकेतल्या 53 शेल्टरांचा (बेवारस जनावरांच्या निवाऱ्यांचा) एक अभ्यास 2009 मध्ये आला. चिप असलेल्या मांजरांपैकी 38.5 टक्के घरी परतली. एरवी शेल्टरमध्ये येणाऱ्या भटक्या मांजरांत हे प्रमाण 1.8 टक्के होतं. तरीही ज्यांचे मालक मिळाले नाहीत, त्यांत सर्वांत मोठं कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर हेच होतं. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून मांजर 20 आठवड्यांचं होण्याआधी त्याला चिप सक्तीची आहे, आणि मालकाचा संपर्क डेटाबेसमध्ये अद्ययावत नसेल तर ते कायद्याने पुरत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा: नोंद कुठल्या डेटाबेसमध्ये होणार? फोन नंबर मी स्वतः लॉगिन करून बदलू शकते का? शुल्क एकदाच की दरवर्षी? क्रमांकाचे पहिले तीन अंक देशाचे किंवा उत्पादकाचे असतात, पण 900 हा अनेक छोट्या उत्पादकांचा सामायिक कोड आहे, त्यावरून कंपनी कळत नाही. आणि कंपन्या बुडतातही. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेतली ‘सेव्ह धिस लाइफ’ अचानक बंद पडली आणि तिच्याकडे नोंदवलेल्या जनावरांच्या मालकांना दुसरीकडे नव्याने नोंद करावी लागली.

स्कॅन तीनदा करून घ्या: पाकिटातली चिप चालते का, मांजरात आधीची चिप नाही ना, आणि टोचल्यावर वाचली जाते का. पुढे दर वर्षी लसीच्या वेळी पुन्हा. चिप खांद्याच्या पात्यांमधून सरकून कोपरापर्यंतही उतरू शकते, तेव्हा नुसती मान पाहून ‘चिप नाही’ म्हणणाऱ्याला थांबवा. स्कॅनर अंगाजवळ धरून हळूहळू नागमोडी फिरवायचा, दोन्ही खांद्यांवरून आणि पुढच्या पायांवरून. स्टीलच्या टेबलावर सिग्नल बिघडू शकतो, मांजर मांडीवर घ्या.

पट्टा हवाच, कारण शेजाऱ्याकडे किंवा वॉचमनकडे स्कॅनर नसतो. घ्यायचा तो ताण पडताच सुटणाऱ्या बकलचा. इलॅस्टिकच्या पट्ट्यात पुढचा पाय अडकून काखेत जखमा होतात. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत, आणि पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा. मांजर पट्टा ठेवतच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: 2010 च्या एका अभ्यासात 538 मांजरांपैकी 72.7 टक्क्यांच्या गळ्यात सहा महिन्यांनीही तो होता. बिल्ल्यावर मांजराचं नाव कोरण्यात जागा घालवू नका. दोन फोन नंबर कोरा, त्यातला एक घराबाहेरच्या माणसाचा. क्यूआरचा बिल्ला जोडीला ठीक, पण वाचणाऱ्याकडे इंटरनेट हवं आणि कंपनीचा सर्व्हर जिवंत हवा.

एक राहिलंच. मांजर घेऊन युरोपात जायचं असेल तर आधी चिप आणि मग रेबीजची लस, किंवा दोन्ही एकाच दिवशी. चिपच्या आधी टोचलेली लस तिथे धरत नाहीत, पुन्हा द्यावी लागते. त्यानंतर 30 दिवसांनी रक्ताची टायटर चाचणी (लसीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते पाहणारी), आणि भारतातून जाणाऱ्यांना रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबणं. प्रवासासाठीच्या आरोग्य प्रमाणपत्रावरही तोच 15 अंकी क्रमांक असतो. स्टिकरशी एकेक अंक ताडून पाहिल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.